हात गेला, बाहुली उरली

शंभराहून अधिक देशांतल्या घराघरांत एकेकाळी 'द मपेट शो' लागायचा. आजी-आजोबांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे एकत्र बसून हसायचे. या खेळाचे जनक जिम हेन्सन १९९० मध्ये अवघ्या ५३व्या वर्षी गेले आणि खेळाची रया गेली ती गेलीच. बाहुल्या त्याच होत्या, पैसा तर पूर्वीपेक्षा जास्त होता. मग बिनसले कुठे? आणि आपला अर्धवटराव मात्र शंभरी ओलांडूनही बोलता राहिला, तो कशाच्या जोरावर?

२१ मे १९९०. न्यूयॉर्कमधले सेंट जॉन द डिव्हाइन हे प्रचंड मोठे चर्च. हजारो माणसे जमली होती, पण अंगावर काळा कपडा कुणाच्याही नव्हता. जाणाऱ्याची तशी इच्छाच होती. चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या पत्रात त्याने मुलांना सांगितले होते, की माझ्या मागे कुणी काळे कपडे घालून रडत बसू नका, चांगला बँड बोलवा आणि आनंदात निरोप द्या. त्याप्रमाणे बँड आला. लोकांच्या हातात काडीला लावलेली स्पंजची रंगीबेरंगी फुलपाखरे दिली गेली आणि त्या भव्य दालनात ती हजारोंनी भिरभिरू लागली.

मग एक आठ फूट उंचीचा पिवळाधमक पक्षी हळूहळू चालत पुढे आला. तो 'बिग बर्ड'. जगभरातल्या लहान मुलांचा लाडका. त्याने कर्मिट नावाच्या बेडकाचे आवडते गाणे म्हटले आणि वर पाहून कर्मिटचे आभार मानले. पक्ष्याच्या पोटात उभे राहून तो पक्षी चालवणारे कॅरल स्पिनी कुणाला दिसत नव्हते. गाणे ज्याचे होते तो कर्मिट मात्र त्या दिवशी बोलला नाही. बोलणार कसा? त्याचा आवाजच गेला होता.

बाहुलीवाल्याच्या मरणात हीच एक विचित्र गोष्ट असते. नट गेला की त्याची भूमिका त्याच्याबरोबर जाते, गायक गेला की गळा जातो. बाहुलीवाला गेला तरी बाहुली पेटीत तशीच असते. ती म्हातारी होत नाही, आजारी पडत नाही. तिच्याकडे पाहून वाटते, आत्ता बोलेल! मग घरच्यांपुढे, कंपनीपुढे आणि प्रेक्षकांपुढेही एकच प्रश्न उभा राहतो. आता हिच्यात हात घालायचा कुणी?

आईच्या कोटाचा बेडूक

जिम हेन्सन यांचा जन्म २४ सप्टेंबर १९३६ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला. लहानपण ओढ्याकाठी, बेडूक-कासवांच्या संगतीत गेले. पुढे कुटुंब राजधानी वॉशिंग्टनजवळ राहायला आले. घरात टीव्ही यावा म्हणून या मुलाने आईवडिलांमागे भुणभुण लावली होती. टीव्हीत काम करायचे एवढेच त्याच्या डोक्यात होते. बाहुल्यांचे वेड वगैरे मुळीच नव्हते. १९५४ मध्ये शाळा संपता संपता स्थानिक टीव्ही केंद्राला बाहुल्या नाचवणारी मुले हवी असल्याचे कळले, म्हणून ग्रंथालयातून पुस्तके आणून तो बाहुल्या करायला शिकला!

१९५५ मध्ये त्याला स्वतःचा पाच मिनिटांचा कार्यक्रम मिळाला. नाव 'सॅम अँड फ्रेंड्स'. सोबतीला होती कॉलेजातली मैत्रीण जेन नेबेल. पुढे १९५९ मध्ये दोघांनी लग्न केले. याच कार्यक्रमासाठी त्याने आईचा एक जुना हिरवट कोट कापला, टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे तुकडे डोळे म्हणून बसवले आणि एक प्राणी शिवला. तो तेव्हा बेडूकही नव्हता. सरडा म्हणा, काहीही म्हणा! हळूहळू त्याचा बेडूक झाला आणि कर्मिट हे नाव जगभर गेले.

'मपेट' हा शब्दही हेन्सन यांचाच. मॅरिओनेट म्हणजे सुतावरची बाहुली आणि पपेट म्हणजे हातातली बाहुली, या दोन शब्दांचा तो संकर, असे ते आधी सांगत. नंतर हसत कबूल करत, की खरे तर तो शब्द नुसता कानाला बरा वाटला म्हणून ठेवला!

पडद्यामागचा पडदा काढला

हेन्सन यांनी नवीन काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे. तोवर टीव्हीवर बाहुल्यांचा खेळ दाखवायचा म्हणजे जत्रेतल्यासारखा छोटा रंगमंच मांडायचा आणि त्याच्यापुढे कॅमेरा ठेवायचा. हेन्सन म्हणाले, टीव्हीची चौकट हाच आपला रंगमंच. वेगळा पडदा कशाला? बाहुलीवाला कॅमेऱ्याच्या चौकटीखाली उभा राहतो किंवा जमिनीवर पडून असतो आणि हात डोक्यावर धरून बाहुली वर खेळवतो. त्याच्यासमोर टीव्हीचा छोटा संच असतो. प्रेक्षकाला जे दिसते तेच त्याला त्याच वेळी दिसते. त्यामुळे बाहुलीने मान किती वळवावी, कुठे पाहावे, कधी नुसतेच गप्प राहावे, हे तो क्षणाक्षणाला ठरवू शकतो.

दुसरी युक्ती बाहुलीच्या घडणीत होती. लाकडी बाहुलीचा चेहरा एकदा कोरला की बदलत नाही. हेन्सन यांच्या बाहुल्या स्पंजच्या आणि मऊ कापडाच्या. कर्मिटच्या डोक्यात तर काही भरलेलेच नाही. आत असतो तो फक्त माणसाचा पंजा. मूठ आवळली की कर्मिटचे तोंड वाकडे होते, बोटे वर उचलली की तो आश्चर्याने पाहतो. म्हणजे कर्मिटचा चेहरा हा खरे तर हेन्सन यांचा हातच होता!

हे दिसायला सोपे, करायला महाकठीण. तासन्‌तास हात वर धरून ठेवायचा, अंगठ्याने प्रत्येक शब्दाला जबडा हलवायचा, दुसऱ्या हाताने काडीवरचे हात हलवायचे आणि वर आवाज काढून गाणेही म्हणायचे. हेन्सन यांच्याभोवती अशी माणसे जमत गेली. लेखक जेरी जूल, बाहुल्या घडवणारे डॉन साहलिन आणि १९६३ मध्ये आलेला एकोणीस वर्षांचा फ्रँक ऑझ. पुढे 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या योडाला हात आणि आवाज देणारा तो हाच.

हेन्सन आणि ऑझ ही जोडी म्हणजे आपल्याकडच्या जमलेल्या तबला-पेटीसारखी. एकाने कर्मिट धरला की दुसऱ्याच्या हातावर मिस पिगी, म्हणजे त्या बेडकावर जीव टाकणारी आणि प्रसंगी त्यालाच धोपटणारी नखरेल डुकरीण. दोघे संहितेबाहेर जाऊन एकमेकांना डिवचत आणि त्यातूनच उत्तम विनोद निघत. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे जे तुटले ते नेमके इथेच.

अमेरिकेने नाकारले, इंग्लंडने उचलले

१० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाले. गरीब घरातल्या मुलांना शाळेत जाण्याआधी अक्षरे आणि अंक यावेत, हा त्यामागचा हेतू. जोन गँझ कूनी यांची ही योजना. बाहुल्या हेन्सन यांच्या. कार्यक्रम तुफान गाजला, पण हेन्सन यांच्यावर 'लहान मुलांचा बाहुलीवाला' हा शिक्का बसला. बाहुल्यांचा खेळ रात्री मोठी माणसेही पाहतील, असे ते सांगत, तर अमेरिकेतल्या बड्या वाहिन्या तयार होईनात.

अखेर इंग्लंडमधल्या एटीव्ही कंपनीचे ल्यू ग्रेड यांनी हात पुढे केला. लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत १९७६ मध्ये 'द मपेट शो' सुरू झाला. एक मोडकेतोडके नाट्यगृह, त्याचा घामाघूम झालेला व्यवस्थापक कर्मिट, कुणालाच न हसवणारा विनोदवीर अस्वल फॉझी, तोफेतून स्वतःला उडवून घेणारा गॉन्झो आणि सज्जात बसून प्रत्येक गोष्टीला नावे ठेवणारे दोन खवचट म्हातारे. कट्ट्यावरचे आजोबा जगात सगळीकडे सारखेच!

दर आठवड्याला एक खराखुरा पाहुणा येई. जगप्रसिद्ध बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह एका भल्यामोठ्या डुकरिणीबरोबर नाचला, तेव्हा तर बड्याबड्या कलावंतांची रांग लागली. १९८१ पर्यंत पाच वर्षांत १२० भाग झाले. शंभराहून अधिक देशांत मिळून साडेतेवीस कोटी लोक तो पाहत, असे तेव्हा सांगितले जाई. खेळ शिखरावर असतानाच हेन्सन यांनी तो थांबवला. चित्रपट निघाले, 'फ्रॅगल रॉक' ही नवी मालिका आली. काही चालले, काही आपटले. पण माणूस थांबायला तयार नव्हता.

'उगाच कुणाला त्रास नको'

ऑगस्ट १९८९ मध्ये बातमी आली, की हेन्सन आपली कंपनी वॉल्ट डिस्ने कंपनीला देणार. रक्कम सुमारे १५ कोटी डॉलर. हिशेब, करार, कोर्टकचेरी यातून मोकळे होऊन नुसते नवे काही करत राहावे, हा त्यांचा विचार होता. एका अटीवर मात्र ते अडून बसले. 'सेसमी स्ट्रीट'च्या बाहुल्या या विक्रीत येणार नाहीत! ती मुलांच्या शिक्षणाची गोष्ट आहे, बाजाराची नाही, हे त्यांचे म्हणणे. या एका अटीचे मोल पुढे कळले.

बोलणी चालू असतानाच मे १९९० आला. महिन्याच्या सुरुवातीला हेन्सन एका टीव्ही कार्यक्रमात कर्मिटला घेऊन गेले, तेव्हा घसा दुखत होता. मग ताप, थकवा. 'फ्लू असेल, जाईल' म्हणत ते अंगावर काढत राहिले. डॉक्टरला उगाच कशाला त्रास द्यायचा, हा त्यांचा स्वभाव. १५ मेच्या पहाटे श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा कुठे ते रुग्णालयात गेले. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंनी तोवर फुप्फुसांतून शरीरभर विष पसरवले होते. प्रतिजैविकांचा भडिमार झाला, पण एकेक अवयव निकामी होत गेला. दुसऱ्या दिवशी, १६ मेच्या पहाटे दीडच्या आत सारे संपले. रुग्णालयात पाऊल टाकल्यापासून पुरते एकवीस तासही झाले नव्हते. काही तास आधी आले असते तर कदाचित वाचले असते, असे डॉक्टरांचे मत पडले. घरोघरी 'होईल बरे' म्हणत दुखणे अंगावर काढणारे कर्ते पुरुष आणि बायका काही कमी नाहीत. त्यांनी ही एवढी गोष्ट तरी ध्यानात ठेवावी.

बाहुल्यांचा वनवास

हेन्सन गेले आणि सात महिन्यांत, डिसेंबर १९९० मध्ये, डिस्नेबरोबरचा सौदा मोडला. वारसाकराचे ओझे, कराराच्या अटी आणि भावना दुखावलेल्या. सगळे एकदम आले. कंपनी पाच भावंडांच्या अंगावर पडली आणि कारभार थोरला मुलगा ब्रायन याच्याकडे आला. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

त्याआधी नोव्हेंबरात टीव्हीवर एक श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. त्याची कल्पना काळजाला हात घालणारी होती. कर्मिट कुठेतरी बाहेरगावी आहे आणि त्याने निरोप पाठवला आहे, की जिम हेन्सन नावाच्या माणसाच्या सन्मानार्थ कार्यक्रम बसवा. बाकीच्या बाहुल्या गोंधळतात. हा कोण बुवा? आपल्याला हाताने चालवणारा कुणी आहे, हे बाहुल्यांना ठाऊकच नसते! मग त्यांना मुलांच्या पत्रांचा गठ्ठा सापडतो. पत्र वाचता वाचता कळते, की हा माणूस आता नाही. शेवटी कर्मिट परत येतो. त्याच्यातला हात आणि आवाज आता स्टीव्ह व्हिटमायर यांचा होता. बारा वर्षे हेन्सन यांच्या शेजारी काम केलेला माणूस. आवाज जवळपास तोच, पण कान देऊन ऐकणाऱ्याला फरक कळत होता.

१९९२ मध्ये आणखी एक मोहरा गळाला. रिचर्ड हंट हा हुन्नरी कलावंत एड्सने गेला. त्याच वर्षी ब्रायनने दिग्दर्शित केलेला 'द मपेट ख्रिसमस कॅरल' आला आणि तो या दोघांना अर्पण केला गेला. तिकीटबारीवर चित्रपट बेताचाच चालला. पण नंतर व्हिडिओ आणि टीव्हीवर तो इतका आवडला, की आज कित्येक घरांत तो दर नाताळात लागतो. म्हणजे सगळाच उतार होता असे नाही. हेन्सन यांच्या हाताखाली तयार झालेला जेरी जूल अजून लिहीत होता आणि जुनी मंडळी अजून एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

पण उतार लागला होता. 'मपेट्स टुनाइट' ही नवी मालिका १९९६ मध्ये आली आणि लवकरच गुंडाळली गेली. १९९९ च्या 'मपेट्स फ्रॉम स्पेस' या चित्रपटाचे तर पार पानिपत झाले. फ्रँक ऑझ स्वतः मोठे चित्रपट दिग्दर्शक झाले होते. त्यांना वेळ मिळेना आणि पुढे मिस पिगी एरिक जेकबसन यांच्या हातावर गेली. बेडूक एकाचा, डुकरीण दुसऱ्याची आणि दोघांच्याही आवाजाची नक्कल करणारे तिसरेच! ज्या दोन माणसांच्या चेष्टामस्करीतून या जोडीचा संसार उभा राहिला होता, ती दोघेही आता तिथे नव्हती. नव्या कलावंतांच्या कसबात खोट नव्हती. पण 'कर्मिट या प्रसंगी काय बोलला असता?' असा विचार करून बोलणे वेगळे आणि मनात येईल ते कर्मिटच्या तोंडून बोलणे वेगळे.

मग सुरू झाली खरेदी-विक्री. २००० मध्ये हेन्सन कुटुंबाने कंपनी ईएम टीव्ही या जर्मन कंपनीला तब्बल ६८ कोटी डॉलरना विकली. या मोलात रोख पैशांबरोबर त्या कंपनीचे शेअरही होते. थोड्याच काळात ते शेअर गडगडले. 'सेसमी स्ट्रीट'च्या बाहुल्या त्या कार्यक्रमाच्या संस्थेने विकत घेऊन सोडवल्या. २००३ मध्ये हेन्सन यांच्या मुलांनी उरलेली कंपनी दहा कोटी डॉलरहूनही कमी पैशांत परत मिळवली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००४ मध्ये, कर्मिट व मंडळी अखेर डिस्नेकडे गेली. चौदा वर्षांपूर्वी मोडलेले लग्न असे लागले. फक्त नवरदेव आता हयात नव्हता.

२०११ मध्ये पुन्हा आशा पालवली. लहानपणी 'मपेट शो' पाहून वाढलेला नट जेसन सीगल याने हट्टाने नवा चित्रपट काढला. त्याने साडेसोळा कोटी डॉलरचा गल्ला जमवला आणि त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळाले. गंमत म्हणजे त्या चित्रपटाची कथाच अशी होती, की मपेट्सना लोक विसरले आहेत, त्यांचे नाट्यगृह मोडकळीला आले आहे! २०१४ च्या पुढच्या चित्रपटाने मात्र त्याच्या निम्माच धंदा केला. २०१५ मध्ये टीव्हीवर 'द मपेट्स' ही प्रौढांसाठीची मालिका आली. कर्मिट आणि पिगी यांचा काडीमोड, चावट विनोद, कार्यालयातली उणीदुणी. काही पालकांनी आक्षेप घेतला आणि मोठ्यांनाही ती रुचली नाही. एका हंगामात ती बंद पडली. त्यानंतर व्हिटमायर यांनाही काढल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. कंपनी म्हणाली, वागणूक बरोबर नव्हती. ते म्हणाले, कर्मिटच्या स्वभावाला धरून नसलेल्या गोष्टींना हरकत घेतली हाच गुन्हा. खरेखोटे तेच जाणोत. कर्मिट मात्र मॅट व्होगेल यांच्या, म्हणजे तिसऱ्या हातावर गेला. २०२० आणि २०२३ मधल्या आणखी दोन मालिका एकेका हंगामातच संपल्या. जून २०२५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानातला मपेट्सचा त्रिमिती खेळही बंद झाला. हेन्सन यांनी स्वतः उभा केलेला हा शेवटच्या कामांपैकी एक खेळ तिथे चौतीस वर्षे चालला होता.

एका बापाची दोन लेकरे

मग प्रश्न पडतो, त्याच हेन्सन यांच्या बाहुल्यांचे 'सेसमी स्ट्रीट' कसे टिकले? तिथेही अर्नी या पात्रात हेन्सन यांचाच हात होता.

उत्तर त्या कार्यक्रमाच्या बांधणीत आहे. 'सेसमी स्ट्रीट' पहिल्या दिवसापासून कुणा एकाचे नव्हते. शिक्षक, बालमानसतज्ज्ञ, लेखक आणि बाहुलीवाले एका टेबलाशी बसत. मुलांना काय शिकवायचे ते आधी ठरे, विनोद मागून येई. मरणाचा विषयही त्यांनी टाळला नाही. दुकानदार मिस्टर हूपर यांचे काम करणारे नट विल ली डिसेंबर १९८२ मध्ये गेले, तेव्हा दुसरा नट आणून वेळ मारून नेता आली असती. त्याऐवजी नोव्हेंबर १९८३ मध्ये एक भाग दाखवला गेला. बिग बर्ड सगळ्यांची चित्रे काढून आणतो, हूपरचे चित्र त्याला द्यायला शोधतो आणि मोठी माणसे त्याला समजावतात, की गेलेला माणूस परत येत नाही. तज्ज्ञांशी बोलून, शब्द तोलून लिहिलेला हा प्रसंग आजही पालकांना दाखवला जातो. माणसे जातील, हे या कार्यक्रमाने जणू आधीच धरले होते. त्यामुळे त्याच्यावरही पैशांची संकटे आली, वाहिन्या बदलाव्या लागल्या, तरी कणा मोडला नाही. आपल्याकडे २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' होऊन तोच कार्यक्रम आला आणि चमकी, बूंबा ही इथल्या मातीतली पात्रे मुलांना भेटली.

अर्धवटरावांचे घराणे

हेन्सन यांच्या घरात जे जमले नाही ते मुंबईतल्या एका मराठी घरात जमले. यशवंत पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अर्धवटरावाला जन्म दिला. ओठ न हलवता बोलायचे आणि आवाज बाहुलीच्या तोंडून आल्याचा भास करायचा, ही शब्दभ्रमाची कला तेव्हा आपल्या लोकांना नवी होती. डोक्याने अर्धवट, पण जिभेने पुरता तयार असा हा बाहुला मोठमोठ्यांना भर सभेत चिमटे काढी. पुढे त्याला आवडाबाई ही बायको आली, संसार वाढला.

यशवंतरावांच्या मागे हा खेळही पेटीत जाऊन बसला असता. पण मुलगा रामदास याने वडिलांच्या हाताखाली ही कला शिकून घेतली होती. १९६७ मध्ये रामदास पाध्ये यांनी स्वतंत्रपणे रंगमंचावर पाऊल टाकले. इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने बाहुल्यांच्या आतली यंत्रणा स्वतः घडवली. मुख्य म्हणजे ते वडिलांच्या अर्धवटरावापाशी थांबले नाहीत. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससा त्यांचाच. १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातला, मुलांची झोप उडवणारा तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. पत्नी अपर्णा सोबत उभ्या राहिल्या आणि आता मुलगा सत्यजित हाही शब्दभ्रमकार आहे. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या, वर्षानुवर्षे निजून राहिलेल्या लाकडी बाहुल्याही याच पाध्ये कुटुंबाने पुन्हा रंगमंचावर आणल्या.

फरक पाहा. हेन्सन यांची मुलेही हुशार, कलावंत, बाहुल्यांत वाढलेली. पण त्यांना बापाची कंपनी मिळाली, बापाचा बेडूक कुणाच्या हातावर द्यायचा याचा निर्णय मिळाला. तो बेडूक बापाच्या देखत, बापाच्या सांगण्यावरून कुणी हातात धरला नव्हता. ५३व्या वर्षी आपण जाऊ, असे हेन्सन यांना तरी कुठे वाटले होते! पाध्यांच्या घरात बाहुला दुसऱ्या हातात गेला तो आवाजासकट, खोडीसकट. आणि त्या दुसऱ्या हाताला त्याच्याकडून स्वतःचे बोलणे बोलवून घ्यायची मुभा होती.

तिसरे उदाहरण कोकणातले. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर लोक कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले. तिथे निर्माता म्हणून एक नाव घ्यायची सोयच नाही. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली आणि खेळ बघणारेच कमी झाले. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले, मुलांना खेळ शिकवला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथेही मार्ग तोच. स्वतःचे हात चालते आहेत तोवर दुसरे हात तयार करायचे.

हेन्सन यांच्या बाहुल्या अजून संपलेल्या नाहीत. 'द मपेट शो'ला पन्नास वर्षे होत असल्याचे निमित्त साधून जुन्याच नाट्यगृहातला, जुन्याच थाटाचा नवा विशेष भाग करण्याची घोषणा डिस्नेने २०२५ मध्ये केली. लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले, यावरून त्या बेडकावरची माया आटलेली नाही हे दिसते. पण ज्यांनी तिशी-पस्तिशीत मुलांना मांडीवर घेऊन पहिला खेळ पाहिला, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. नव्या मुलांना हेन्सन कोण हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्यांना हवा आहे त्यांच्याशी आज, त्यांच्या भाषेत बोलणारा बेडूक.

घरातही हे करून पाहता येते. येत्या सुट्टीत एक जुना मोजा घ्या, दोन बटणे शिवा आणि तो मुलाच्या हातात घालून द्या. पहिल्यांदा तो तुमचीच नक्कल करील, तुमच्याच आवाजात तुम्हालाच रागावेल. त्याला हसा, पण थांबवू नका. चार दिवसांनी मोजा त्याचे स्वतःचे काहीतरी बोलू लागेल.